आपल्याच रक्तातले तुकडे : प्रस्तावना

डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या पाव-अर्ध्या तासात रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात, असं १९६८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी तर काही रुग्णांत जवळजवळ दिसेनाशा होत. रक्त कुठे वाहून गेलेलं नसे, जंतुसंसर्ग नसे. तास-दोन तास गेले की पेशी पुन्हा हजर होत, कधी कधी आधीपेक्षा जास्त संख्येने. मधल्या वेळात त्या होत्या कुठे?

उत्तर यायला नऊ वर्षं लागली. १९७७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या फिलिप क्रॅडॉक, हॅरी जेकब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या पेशी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत गोळा होऊन अडकून बसतात. त्यांच्या प्रयोगाची गंमत पुढे आहे. त्यांनी प्राण्यांना डायलिसिसच्या यंत्राला जोडलंच नाही. यंत्रातल्या सेलोफेनच्या पडद्याला रक्तद्रव लावून ठेवला आणि तेवढाच सशांना, मेंढ्यांना टोचला. तरीही पांढऱ्या पेशी कमी झाल्या आणि फुप्फुसांवर ताण आला. त्या रक्तद्रवात जंतू नव्हते, औषध नव्हतं, पडद्यातून पाझरलेलं एखादं विषही नव्हतं. पडद्याच्या स्पर्शाने रक्तद्रवातलीच काही प्रथिनं कापली गेली होती आणि त्यातून सुटलेल्या लहान तुकड्यांनी हा गोंधळ घातला होता.

हे पुस्तक त्या तुकड्यांविषयी आहे. शास्त्रीय भाषेत त्यांना ॲनाफिलाटॉक्सिन म्हणतात. त्यांतले दोन महत्त्वाचे, सी३ए आणि सी५ए. सी४ए नावाचा तिसराही आहे, पण त्याचा प्रभाव क्षीण, आणि माणसात तो नेमकं काय करतो यावर अजून एकमत नाही. म्हणून इथे त्याला थोडीच जागा दिली आहे.

मराठीत ॲलर्जीवर लिहिलेलं पुष्कळ वाचायला मिळतं. धूळ, परागकण, शेंगदाणे, कोळंबी, पेनिसिलिन. त्या लिखाणात गोष्ट बहुतेक एकाच साच्यातली असते. बाहेरून काहीतरी येतं, शरीर त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं, पुढच्या वेळी तेच आलं की अंगावर गांधी उठतात, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. ही गोष्ट खरीच आहे. पण ती अर्धी आहे. नेमकी तीच लक्षणं आयजीईच्या मदतीशिवायही उमटू शकतात, आणि त्या वाटेवर आपले हे तुकडे उभे असतात. या दुसऱ्या वाटेची माहिती नसल्यामुळे कितीतरी रुग्णांची समजूत चुकीची घातली जाते. हे पुस्तक लिहिण्यामागे माझी खरी तळमळ तीच आहे.

आधी हे तुकडे ज्याच्यातून येतात त्या प्रथिनाबद्दल. यकृत रात्रंदिवस सी३ नावाचं प्रथिन बनवून रक्तात सोडत असतं. दर लिटर रक्तद्रवात ते साधारण एक ते दीड ग्रॅम असतं. रक्तातल्या ज्या तीसेक प्रथिनांना मिळून कॉम्प्लिमेंट किंवा पूरक प्रथिनं म्हणतात, त्यांत सी३ सर्वांत विपुल. ल्युपसच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रिपोर्टवर ‘सी३’, ‘सी४’ असे आकडे येतात, तेच हे. सोळाशेहून अधिक अमिनो आम्लांचा हा मोठा रेणू एरवी रक्तात शांत फिरत असतो. त्याला जागं करण्याच्या तीन वाटा आहेत. प्रतिपिंड जंतूला चिकटलं की एक वाट उघडते. जंतूच्या पृष्ठभागावरच्या साखरा ओळखल्या गेल्या की दुसरी. तिसरी वाट तर कधी पूर्ण बंदच नसते. सी३चे काही रेणू पाण्याच्या संपर्काने आपोआप थोडेथोडे उलगडत राहतात, आणि शेजारी परका पृष्ठभाग सापडला की तेवढ्या ठिणगीवर सगळी साखळी पेट घेते. सेलोफेनच्या पडद्याने मुख्यतः हीच तिसरी वाट उघडली होती.

वाट कुठलीही असो, शेवटी एक विकर येऊन सी३चा एका टोकाचा ७७ अमिनो आम्लांचा तुकडा कापतं. उरलेला मोठा भाग, सी३बी, त्याच क्षणी जवळच्या पृष्ठभागाला रासायनिक बंधाने घट्ट चिकटतो. भक्षक पेशींसाठी ती खूण असते, ‘याला खा’ अशी. आणि सुटलेला लहान तुकडा, सी३ए, रक्तात, ऊतींच्या द्रवात मोकळा धावतो. साखळी पुढे गेली तर सी५ हे प्रथिनही असंच कापलं जातं आणि ७४ अमिनो आम्लांचा सी५ए सुटतो. ज्वारीच्या उभ्या पिकात मचाणावर बसलेला राखणदार रानडुकराची चाहूल लागली की आरोळी ठोकतो. डुकराला तो स्वतः मारत नाही, पण त्याच्या आवाजाने वस्ती जागी होते आणि माणसं काठ्या घेऊन धावत येतात. या तुकड्यांचं काम त्या आरोळीचं आहे.

आरोळी वेळेत थांबलीही पाहिजे, आणि शरीराने तशी सोय केलेली आहे. दोन्ही तुकड्यांच्या शेपटाला आर्जिनिन हे अमिनो आम्ल असतं. रक्तात कार्बॉक्सिपेप्टिडेज-एन नावाचं विकर कायम फिरत असतं. ते हा शेवटचा मणी तेवढा काढून टाकतं. सी३एच्या बाबतीत तेवढ्याने काम भागतं, आर्जिनिन गेलं की तो पेशींवरच्या आपल्या ग्राहीला जागं करू शकत नाही. सी५ए मात्र चिवट आहे. आर्जिनिन गेल्यावरही त्याच्यात थोडी धग उरते आणि पांढऱ्या पेशींना तो कमी जोराने का होईना बोलावत राहतो. दाह जिथे रेंगाळतो तिथे वारंवार सी५एचं नाव येतं, याचं एक कारण या चिवटपणात असावं असं मला वाटतं. शिवाय त्याची मुळातली ताकदही सी३एपेक्षा कितीतरी पट जास्त. निरोगी माणसांच्या त्वचेत सी५एची अगदी अल्प मात्रा टोचली, तरी काही मिनिटांत गांध उठते, भोवती लाली पसरते आणि मग त्या जागी न्यूट्रोफिल गोळा होतात.

आता या विषयाचा इतिहास. तो मी पुस्तकात सविस्तर दिला आहे, कारण तो वाचल्याशिवाय आजच्या डॉक्टरांच्या मनात आयजीईची वाट एवढी ठसठशीत आणि ही वाट एवढी अंधूक का, ते कळत नाही.

१८९०च्या दशकात ज्यूल बोर्दे हा तरुण बेल्जियन डॉक्टर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होता. जंतूंना मारणाऱ्या रक्तरसात दोन घटक असतात हे त्याने दाखवलं. एक उष्णता सहन करणारा आणि विशिष्ट जंतूशीच जुळणारा, म्हणजे प्रतिपिंड. दुसरा ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की नष्ट होणारा, पण सगळ्यांच्याच रक्तात असणारा. या दुसऱ्याला पाउल एर्लिख यांनी कॉम्प्लिमेंट हे नाव दिलं. बोर्दे यांना १९१९चं नोबेल मिळालं. दरम्यान १९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्टिए मोनॅकोच्या राजपुत्राच्या जहाजावर समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करायला निघाले. परत आल्यावर पॅरिसमध्ये त्यांनी कुत्र्यांना समुद्रफुलाचं विष अल्प प्रमाणात टोचलं. काही आठवड्यांनी पुन्हा तितकीच, एरवी सोसेल एवढी मात्रा दिल्यावर कुत्रे काही मिनिटांत कोसळले. रक्षण करायला हवं त्या यंत्रणेनेच घात केला, म्हणून या प्रकाराला त्यांनी ‘रक्षणाच्या उलट’ अशा अर्थाने ॲनाफिलॅक्सिस म्हटलं. रिशे यांना १९१३चं नोबेल मिळालं.

हे दोन धागे जोडले ते जर्मन संशोधक एर्न्स्ट फ्रीडबर्गर यांनी, १९१०च्या सुमारास. प्रतिजन आणि प्रतिपिंड एकत्र येऊन बनलेला साका त्यांनी गिनिपिगच्या ताज्या रक्तरसात काही काळ ठेवला, मग साका काढून टाकला आणि वरचा स्वच्छ द्रव दुसऱ्या गिनिपिगला टोचला. तो ॲनाफिलॅक्सिसची सगळी लक्षणं दाखवत मेला. द्रवात विष तयार झालं आहे असं फ्रीडबर्गर यांनी मानलं आणि त्याला ॲनाफिलाटॉक्सिन म्हटलं. हे विष टोचलेल्या परक्या पदार्थाच्या विघटनातून येतं, अशी त्यांची कल्पना होती. तीच पुढे टिकली नाही. १९१३ मध्ये बोर्दे यांनी साध्या अगरने, म्हणजे समुद्रशेवाळापासून बनणाऱ्या जेलीने, तसाच परिणाम घडवून दाखवला. पुढे मिशिगनचे फ्रेडरिक नोव्ही आणि पॉल द क्रुइफ यांनी हाच विषय खणला. जंतुशास्त्रज्ञांच्या कथा सांगणारं ‘मायक्रोब हंटर्स’ लिहून गाजलेले द क्रुइफ ते हेच. अगरमध्ये विषारी प्रथिन कुठून येणार? म्हणजे जे काही घातक बनतं ते रक्तरसातूनच बनतं. आज मागे वळून पाहताना हे इतकं स्पष्ट दिसतं, की त्या काळी ते बाजूला कसं पडलं याचं आश्चर्य वाटतं.

पण ते बाजूला पडलं खरं. त्याच वर्षांत हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी हिस्टामीनचे परिणाम दाखवले, आणि ॲनाफिलॅक्सिसचं सगळं चित्र त्या एका लहानशा रेणूने समजावता येईल असं वाटू लागलं. १९६०च्या दशकात किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने अमेरिकेत, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधल्या संशोधकांनी, आयजीई शोधलं. ऊतींतल्या मास्ट पेशीवर बसलेलं आयजीई, त्याला चिकटणारा प्रतिजन, पेशीतून फुटणारं हिस्टामीन. साखळी पूर्ण झाली. एवढी नेटकी उपपत्ती हाती आल्यावर फ्रीडबर्गरच्या द्रवाकडे पुन्हा कोण बघणार?

बघणारे थोडे होते. क्लीव्हलंडमधले लुई पिलेमर यांनी १९५४ मध्ये असं मांडलं की कॉम्प्लिमेंट प्रतिपिंडाशिवायही जागं होऊ शकतं. त्यासाठी त्यांनी प्रॉपर्डिन नावाचं प्रथिन रक्तातून वेगळं काढलं. त्यांच्यावर टीकेची झोड उठली, आणि १९५७ मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच, ते गेले. त्यांची वाट बरोबर होती हे सिद्ध व्हायला आणखी दशकभराहून जास्त काळ गेला. त्यांचाच विद्यार्थी अर्विन लेपो. त्याच्या प्रयोगशाळेने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवलं की ॲनाफिलाटॉक्सिन हा सी३ कापल्यावर सुटणारा तुकडा आहे. पाठोपाठ कॅलिफोर्नियात ला होयाच्या स्क्रिप्स संस्थेत हान्स म्युलर-एबरहार्ड आणि चार्ल्स कॉक्रेन यांनी सी३ आणि सी५ या दोन्हींतून असे तुकडे येतात हे वेगवेगळं करून दाखवलं. तिथेच टोनी हगली यांनी १९७५ मध्ये सी३एची आणि १९७८ मध्ये सी५एची अमिनो आम्लांची माळ पूर्ण वाचली. फ्रीडबर्गरच्या गिनिपिगपासून इथवर जवळजवळ सत्तर वर्षं. पिलेमर यांचं प्रकरण मी पुस्तकात सर्वांत मन लावून लिहिलं आहे. बरोबर असलेल्या माणसाला एकटं पाडण्याची किंमत विज्ञानाने त्यात मोजली आहे.

तुकडे शरीरात नेमकं काय करतात? मास्ट पेशी त्वचेत, श्वासनलिकेत, आतड्यात आणि रक्तवाहिन्यांच्या भोवती बसलेल्या असतात. त्यांच्यावर, विशेषतः त्वचेतल्या मास्ट पेशींवर, या तुकड्यांचे ग्राही आहेत. तुकडा बसला की पेशीतले कण बाहेर ओतले जातात, हिस्टामीन मोकळं होतं. लहान रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींपासून सरकतात आणि द्रव ऊतींत झिरपतो. म्हणून सूज येते. श्वासनलिकेतला मऊ स्नायू आवळतो. सी५ए न्यूट्रोफिलांना बोलावतो, त्यांना चिकट बनवतो आणि त्यांच्यातली जंतुनाशक रसायनं सोडायला लावतो. जखमेभोवती किंवा गळवाभोवती हे व्हायलाच हवं. तुकडे बनले नाहीत तर संरक्षणच ढासळतं. जन्मजात सी३ नसलेली मुलं पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्गाने आजारी पडतात. उंदरांवरच्या प्रयोगांत तर यकृताचा भाग कापून काढल्यावर ते पुन्हा वाढण्यासाठीही सी३ए आणि सी५एचे संकेत लागतात असं दिसलं आहे. म्हणून या तुकड्यांना शत्रू ठरवून सुरुवात करणं मला मान्य नाही. प्रश्न जागेचा आणि प्रमाणाचा आहे. बोटाला गळू झालं तेव्हा बोटात जे योग्य, तेच एकाच वेळी सगळ्या रक्तप्रवाहात झालं की जीवघेणं ठरतं.

तसं ते रुग्णालयात होऊ शकतं, आणि कारण असतं आपणच शिरेतून दिलेली वस्तू. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या क्रेमोफोर नावाच्या द्रावकात मिसळून देतात, आणि हे द्रावक कॉम्प्लिमेंट जागं करू शकतं. डॉक्सोरुबिसिन हे औषध मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून दिलं जातं, तेव्हा त्या गोळ्यांच्या पृष्ठभागावरही तसंच घडू शकतं. हंगेरीचे यानोश सेबेनी यांनी या प्रकाराचा आयुष्यभर अभ्यास केला आणि कॉम्प्लिमेंटमुळे येणारी छद्म-ॲलर्जी अशा अर्थाचं नाव त्याला रूढ केलं. सीटी स्कॅनच्या वेळी टोचल्या जाणाऱ्या आयोडीनयुक्त द्रवाच्या काही रिॲक्शनही याच वाटेने येत असाव्यात.

या रिॲक्शनची चाल ओळखण्याजोगी असते. आयजीईच्या ॲलर्जीला आधीची भेट लागते. पहिल्या वेळी शरीर नुसतं तयार होतं, रिॲक्शन पुढच्या वेळी. इथे पहिल्याच सलाइनला, पहिल्या काही मिनिटांत चेहरा लाल होतो, छातीत आवळल्यासारखं होतं, पाठ किंवा कंबर दुखू लागते, रक्तदाब घसरतो. सलाइन थांबवून नंतर अगदी हळू सुरू केलं तर पुष्कळदा तेच औषध पुढे सोसतं, आणि काही औषधांच्या बाबतीत तर पुढच्या खेपेला रिॲक्शन कमी होत जाते. आयजीईच्या ॲलर्जीत असं सहसा होत नाही. मग त्या रुग्णाची त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करतात. ती निगेटिव्ह येते, कारण ती आयजीईच शोधते. आणि त्याला सांगितलं जातं, ‘तुम्हाला काही झालं नव्हतं, घाबरलात.’ किंवा याच्या अगदी उलट, त्याच्या फाइलवर लाल शाईने कायमची ॲलर्जी लिहिली जाते, आणि ज्या औषधाने त्याचा कर्करोग आटोक्यात आला असता ते त्याला पुन्हा मिळत नाही. दोन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत. रिॲक्शन खरी होती. तिची वाट वेगळी होती.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. वाट कुठलीही असो, श्वास अडकतोय, रक्तदाब पडतोय, अशा वेळी उपचार तोच आहे. मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन, ताबडतोब. ही आयजीईची रिॲक्शन की कॉम्प्लिमेंटची, हा प्रश्न माणूस सावरल्यानंतर विचारायचा.

महाराष्ट्रात हा विषय सर्पदंशापाशी फार जवळचा होतो, आणि त्या प्रकरणात दोन वेगळे धागे एकत्र येतात. पहिला नागाच्या विषाचा. नागाच्या विषात सी३बीशी मिळतंजुळतं एक प्रथिन असतं. आपल्या रक्तात सी३ कापणारं विकर बनतं तेव्हा ते काही मिनिटांत विस्कटून जातं, त्याचं अर्धायुष्य जेमतेम दीड मिनिट आहे. नागाचं प्रथिन आपल्याच रक्तातल्या घटकाशी जोडून जे विकर बनवतं ते कित्येक तास टिकतं. त्याला ब्रेक लागत नाहीत, म्हणून ते सी३ कापतच राहतं, साठा संपेपर्यंत. सायमन फ्लेक्सनर आणि हिदेयो नोगुची यांनी नागविषाचा कॉम्प्लिमेंटवरचा परिणाम विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीलाच टिपला होता. पुढे प्रयोगशाळांनी याच प्रथिनाचा उपयोग प्राण्यांमधलं कॉम्प्लिमेंट तात्पुरतं संपवून टाकण्यासाठी केला, आणि आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं त्या प्रयोगांतून आलं.

दुसरा धागा सापाच्या विषावरच्या लसीचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालणारी लस घोड्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून बनते. मुंबईत परळच्या हाफकिनचं नाव या कामाशी पिढ्यान्पिढ्या जोडलेलं आहे. ही लस दिल्यावर पहिल्या तासाभरात गांधी उठणं, उलट्या, दम लागणं, क्वचित रक्तदाब कोसळणं, हे ग्रामीण रुग्णालयातल्या प्रत्येक डॉक्टराला माहीत असतं. यातल्या बहुसंख्य रुग्णांना आधी कधी घोड्याचं रक्त किंवा लस मिळालेली नसते, म्हणजे जुन्या अर्थाने त्यांना ॲलर्जी असण्याचं कारण नाही. त्वचेवर थेंबभर लस टोचून रिॲक्शनचा अंदाज येत नाही, हे १९८०च्या दशकातच अभ्यासातून दिसलं आहे, आणि चाचणीत वेळ मात्र जातो. लसीतली प्रथिनं काचेच्या नळीत कॉम्प्लिमेंट जागं करतात. रुग्णाच्या रक्तात नेमकं किती, यावर वाद आहे, आणि तो मी पुस्तकात दोन्ही बाजूंनी मांडला आहे. श्रीलंकेत हजाराहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत लस देण्याआधी कातडीखाली ॲड्रेनलिनची अल्प मात्रा दिली, तर गंभीर रिॲक्शन स्पष्टपणे कमी झाल्या. रात्री सर्पदंशाचा रुग्ण समोर असताना ज्या डॉक्टरला लसीची भीती वाटते, त्याने हे प्रकरण आधी वाचावं.

डेंग्यूचा उल्लेखही इथेच हवा. ताप उतरतो, घरचे निःश्वास सोडतात, आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपू लागतं. पोटात, छातीत पाणी साठतं, नाडी क्षीण होते. १९७३ मध्ये बँकॉकच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात म्युलर-एबरहार्ड यांच्या गटाला दिसलं की आजार जितका गंभीर तितकं रक्तातलं सी३ खर्ची पडलेलं. नंतरच्या अभ्यासांत गंभीर रुग्णांच्या रक्तात ॲनाफिलाटॉक्सिनही वाढलेली आढळली. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करणं हे या तुकड्यांचं कामच असल्यामुळे संशय साहजिक आहे. पण डेंग्यूत इतरही बरंच काही एकाच वेळी चाललेलं असतं, आणि एकट्या सी५एवर सगळं खापर फोडणं घाईचं होईल.

सेप्सिसची गोष्टही अशीच. १९९९ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर वॉर्ड यांच्या गटाने सेप्सिस झालेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांना सी५एविरुद्ध प्रतिपिंड दिलं आणि त्यातले बरेच वाचले. अति सी५एने न्यूट्रोफिल उलट बधिर होतात आणि जंतू मारणं सोडून देतात, हेही त्याच कामातून दिसलं. माणसांसाठी मात्र सेप्सिसवरचं असं औषध आजवर मान्य झालेलं नाही. कोविडच्या काळात याच विचारातून विलोबेलिमॅब हे सी५एविरुद्धचं प्रतिपिंड पुढे आलं, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी अमेरिकेत त्याला २०२३ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली.

औषधांच्या प्रकरणांत एक भेद नीट समजून घ्यावा. २००७ पासून वापरात असलेलं एक्युलिझुमॅब सी५ कापूच देत नाही. त्यामुळे सी५ए बनत नाही, पण त्याबरोबर जंतूंच्या आवरणाला भोकं पाडणारं कॉम्प्लिमेंटचं शेवटचं हत्यारही हातातून जातं, आणि मेनिन्गोकॉकसच्या संसर्गाचा धोका खूप वाढतो. म्हणून ते सुरू करण्याआधी लस द्यावी लागते. २०२१ मध्ये मान्य झालेली ॲव्हाकोपॅनची गोळी सी५एच्या ग्राहीवर बसते. सी५ कापलं जातं, हत्यार शाबूत राहतं, फक्त आरोळी कुणाला ऐकू येत नाही. लहान रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या एका गंभीर आजारात ३३१ रुग्णांवर तिची चाचणी झाली. स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रांची गरज तिने बरीच कमी करता येते, असं त्यात दिसलं. ज्यांनी दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्याने हाडं ठिसूळ झालेला, साखर वाढलेला माणूस जवळून पाहिला आहे, त्यांना या ओळीचं मोल वेगळं सांगायला नको.

तिसरी पद्धत सी३लाच धरण्याची, आणि तिच्या मुळाशी एक नाव असं आहे जे पुण्याच्या वाचकाला माहीत असायला हवं. १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनियात जॉन लाम्ब्रिस यांच्या प्रयोगशाळेत अरविंद साहू यांनी असंख्य यादृच्छिक पेप्टाइडांच्या संग्रहातून सी३ला चिकटून त्याचं कापणं रोखणारं एक पेप्टाइड शोधून काढलं. कापून लहान केल्यावर त्यात अवघी तेरा अमिनो आम्लं उरली. त्याला कॉम्पस्टॅटिन म्हणतात. त्याच्यापासून विकसित झालेलं पेगसेटाकोप्लॅन २०२१ मध्ये एका दुर्मीळ रक्तविकारासाठी मान्य झालं. साहू नंतर पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये आले. देवीच्या विषाणूसारखे विषाणू आपलं कॉम्प्लिमेंट कसं चुकवतात, यावर त्यांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं. त्या कामाला पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे.

शेवटी वाचकांसाठी थोडं व्यवहाराचं. सी३ए किंवा सी५ए मोजणं ही गल्लीतल्या लॅबची चाचणी नाही. रक्त काचेच्या नळीत गोठू दिलं की नळीच कॉम्प्लिमेंट जागं करते आणि आकडा फुगतो. म्हणून नमुना ईडीटीएच्या नळीत घ्यावा लागतो, बर्फावर ठेवून त्यातला रक्तद्रव लगेच वेगळा करावा लागतो. साधा सी३चा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुकडे सुटलेच नाहीत असा अर्थ काढू नये, कारण साठा मोठा असतो आणि त्यातला थोडासा कापला गेला तरी रिॲक्शन येऊ शकते. तुम्हाला किंवा घरच्या कुणाला सलाइनवर, स्कॅनच्या वेळी किंवा डायलिसिसवर रिॲक्शन आली असेल, तर औषधाचं पूर्ण नाव, ते पहिल्यांदा दिलं की आधीही दिलं होतं, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी त्रास झाला, किती वेगाने चाललं होतं, आणि नंतर हळू दिल्यावर काय झालं, हे सगळं त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. शक्य असेल तर पहिल्या काही तासांत रक्तातलं ट्रिप्टेज तपासायला डॉक्टरांना विचारा. मास्ट पेशी फुटल्या होत्या का, ते त्यावरून कळतं. हा कागद पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवा आणि त्याची एक प्रत फाइलमध्ये लावून ठेवा.